आवाज नावाचं फोल्डर

१

सोमवारी सकाळी साडेदहाला रत्नमालानं अमृतलाल शेठजींच्या दुकानातल्या कंप्युटरची स्क्रीन चालू केली, 'घर' असं लिहिलेली जागा उघडली, आणि पेनड्राइव्ह हातातच धरून ती खुर्चीत मागं टेकली. आत 'आवाज' नावाचं फोल्डर असायला हवं होतं. बत्तीस कॅसेटी, प्रत्येकीच्या दोन बाजू, अशा चौसष्ट फायली. शनिवारी संध्याकाळी तिनं स्वतः मोजल्या होत्या. आज तिथं काहीच नव्हतं.

तिनं आधी स्वतःवरच संशय घेतला. कारंज्यात बस स्टँडमागं तिचा कंप्युटरचा वर्ग होता, दुरुस्तीचीही कामं ती घ्यायची, आणि लोक ज्याला 'गायब झालं' म्हणतात ते बहुतेक वेळा शेजारच्या फोल्डरमध्ये निवांत पडलेलं असतं हे तिला पाठ होतं. तिनं सगळं धुंडाळलं. कचरापेटीही उघडली. पेटी गच्च भरलेली होती. महिनाभराच्या वाया गेलेल्या लग्नपत्रिका, चुकलेले अर्ज, कुणाकुणाचे पासपोर्ट साइज चेहरे. 'आवाज' तेवढा त्यात नव्हता.

ती धास्तावली, आणि त्याला कारण होतं.

तिचे वडील पुंजाजी खंडारे इंझोरीत तीस वर्षं पोस्टमन होते. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं वाटायची आणि संध्याकाळी स्वतः वहीत लिहायचं, असा त्यांचा शिरस्ता. छपन्न साली त्यांची आई गावातल्या बायांबरोबर नागपूरला कशी गेली, वस्तीत पहिली विहीर कुणी कुणी खणली, आई कोणती गाणी म्हणायची, सगळं त्या वह्यांत होतं. वह्या यायच्या अमृतलालांच्या दुकानातून. मग काचबिंदूनं पुंजाजींचे डोळे गेले. वह्यांचा गठ्ठा घेऊन ते दुकानात आले आणि म्हणाले, "तुमच्याच दुकानचा माल हाय, तुमीच ठेवा. मले आता काय कामाचा."

अमृतलालांनी माल ठेवून घेतला नाही. दर रविवारी दुकान बंद ठेवून ते टेपरेकॉर्डरसमोर बसले आणि एकेक वही वाचत गेले. दीड वर्ष लागलं. कॅसेट भरली की एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती इंझोरीला रवाना. पुढं त्या वह्यांना उधई लागली आणि कागदाचा भुगा झाला, पण पुंजाजींचं काही अडलं नाही. रोज संध्याकाळी ते आपलंच लिहिलेलं मित्राच्या आवाजात ऐकायचे. रत्नमाला कॉलेजातून घरी यायची तेव्हा अंगणात अमृतलालांचा आवाज असायचा. एखाद्या माणसाचे उपकार असे रोज कानावर पडत असतील तर ते फिटण्याची गोष्ट कोण काढणार.

दोन वर्षांपूर्वी अमृतलालांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. यंदा कॅसेटीही तुटायला लागल्या. म्हणून रत्नमालानं त्या कारंज्याला आणल्या, दुकानातल्या मोठ्या टेपरेकॉर्डरवर एकेक लावून कंप्युटरमध्ये उतरवल्या. जुनी फीत एवढं शेवटचं वाजली आणि बहुतेक कॅसेटींनी तिथंच मान टाकली. आता जे काही होतं ते त्या फोल्डरात होतं. आज पेनड्राइव्हवर घेऊन संध्याकाळी बाबांना ऐकवणार होती ती. बाबांनी सकाळीच दोनदा फोन केला होता.

तिनं दुकानातल्या कंप्युटरचं बटण दाबलं, तो बंद झाल्यावर वायरसुद्धा काढून ठेवली.

"हे काय करून राह्यली ताई?" श्रेयांस, अमृतलालांचा मुलगा, काउंटरवरून धावत आला. "आज दोन शाळांचे पेपर छापून द्याचे हायत."

"भाऊ, याले आता कोनी बोट लावाचं नाई."

सगळं ऐकून श्रेयांसचा चेहरा उतरला. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक सांगतो. वरच्या बैठकीतला लहान टेपरेकॉर्डर बी जाग्यावर नाई. आन काल सकाळी मी वाशीमले निघालो, तवा धनराज भरलेलं पोतं घेऊन मागच्या दारानं चालला होता. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

२

धनराज बावीस वर्षं त्या दुकानात होता. झेरॉक्स, छपाई, वह्यांचे गठ्ठे, सगळं तोच बघायचा. सकाळी श्रेयांसनं त्याला फोनवर पोत्याबद्दल विचारलं, तेव्हापासून त्यानं फोन उचलला नव्हता आणि कामावरही आला नव्हता.

"मंग अजून काय पायजे?" श्रेयांस म्हणाला. "फोल्डर उचललं, टेप उचलला. त्यानं नेलं असंल तर कंप्युटर बंद ठेवून काय फायदा?"

"नेलं असंल तर काई फायदा नाई," रत्नमाला म्हणाली. "पन कोनी चुकीनं पुसलं असंल तर हाय. घरावरची नावाची पाटी काढली म्हनून घर पडत नाई, भाऊ. फायली आतमधी तशाच पडून राह्यतात. पन त्या जागेवर दुसऱ्यानं बांधकाम काढलं की संपलं. तुमी पेपर छापाले घेतले म्हंजे बांधकाम सुरू."

श्रेयांसनं घड्याळ पाहिलं. "पाच वाजेपर्यंत थांबतो. मंग मले चालू करावाच लागंल."

दुकानाच्या वर घर होतं. पाच आठवड्यांपूर्वी रत्नमालानंच वर-खाली जोडणी करून दिली होती. दुकानातला एक कंप्युटर, वर श्रेयांसच्या टेबलावरचा दुसरा आणि त्याची बायको जिनल हिचा लॅपटॉप. तिन्हीकडं 'घर' उघडलं की तेच दिसायचं. दुकानातला कंप्युटर रविवारीसुद्धा बंद करू नका, नाहीतर वरून काही दिसणार नाही, हेही तिनंच बजावलं होतं. कुणाला काय करू द्यायचं हे ठरवायची वेळ आली तेव्हा श्रेयांस हसून म्हणाला होता, "घरात कोन परकं हाय?" तिनंही सगळ्यांना सगळी मुभा देऊन टाकली होती. त्या घरात कपाटालासुद्धा कुलूप नसायचं.

तिनं वर जाऊन दोन्ही यंत्रं पाहिली. खालचा कंप्युटर बंद, त्यामुळं 'घर' दोन्हीकडं उघडलंच नाही. कचरापेट्यांतही काही नाही. मग तिनं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं. काल, रविवारी, दुकानातल्या कंप्युटरला हात कुणी लावला?

"मी नव्हतेच ना ताई," जिनल म्हणाली. कॅसेटींतली खरखर काढायचं काम महिनाभर कानाला हेडफोन लावून तिनंच केलं होतं आणि आता तिचे डोळे भरले होते. "काल दिवसभर मालेगावले बहिणीकडं होते. लॅपटॉप बी घरीच ठेवला होता. अन् मी कायले नेईन? त्याच्यात जागा नाही, जागा नाही म्हणून रोज रडत असते मी. घरच्यांचे कान किटले ऐकून ऐकून."

कंचनबाई चहा घेऊन आल्या. अमृतलालांच्या पत्नी, वय सत्तरच्या वर, आणि रत्नमालाच्या वर्गातली आजवरची सगळ्यात वडील विद्यार्थिनी. दुपारी लॅपटॉपवर प्रवचन लावता यावं म्हणून मागच्या वर्षी त्या शिकायला आल्या होत्या. प्रवचन लावायला त्या आठ दिवसांत शिकल्या. पण त्यांना खरी गोडी लागली ती पुसण्याची. फोनवर येणारी सुप्रभाताची फुलं, समया, बदकं पटापट उडवताना त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की बाकीचा वर्ग बघत राहायचा.

"दुकानातल्या कंप्युटरले?" त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. "चातुर्मास लागला तवापासून मी खाली पाऊल ठेवलं नाई, पोरी. मले खोटं बोलता येत नाई, तुले ठाऊक हाय."

ठाऊक होतं. कंचनबाई खोटं बोलल्या असत्या तर कारंज्यात कुणावरच विश्वास ठेवायची सोय राहिली नसती. चहा पिता पिता रत्नमालाची नजर समोरच्या भिंतीवर गेली. रंगावर एक गोल फिकट डाग होता आणि वर खिळा. शनिवारी तिथं घड्याळ होतं. खिडकीजवळ जिनलच्या मुलाचा शाळेचा शर्ट इस्त्री होऊन पडला होता, आणि इस्त्री अजून गरम होती. आत कुकरची शिट्टी झाली.

अमृतलाल गादीवर बसून होते. गळ्याला पांढरा रुमाल, मांडीवर दुकानातलीच एक पाटी. रत्नमाला जवळ बसताच त्यांनी लिहिलं, 'धनराज चोर नाही.' ते पुसून पुन्हा लिहिलं, 'पुंजाजीला सांगितलं?'

"नाई काकाजी. पाच वाजेपर्यंत नाई सांगत."

त्यांनी मान हलवली. ऑपरेशन झाल्यापासून ते इंझोरीला गेले नव्हते. एकदा रत्नमालानं गाडी काढते म्हटलं तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलेलं तिला अजून आठवत होतं. 'त्याला दिसत नाही, मला बोलता येत नाही. जाऊन काय करू?' दोघांच्या मध्ये उरलेली एवढी चौसष्ट तुकड्यांची वाट होती आणि आता तीही गेली होती. रत्नमालाला तिथं बसवेना. ती उठली आणि स्कूटी काढून धनराजच्या घराकडं निघाली.

दार उघडंच होतं. समोरच्या भिंतीवर ते घड्याळ होतं, आणि त्याच्याखाली फळीवर लहान टेपरेकॉर्डर.

३

"या ताई," धनराज म्हणाला. त्यानं काही लपवायची खटपट केली नाही. एवढंच, की तो तिच्याकडं बघत नव्हता.

"भाऊ, हे शेठजींकडचं हाय."

"हाय."

"तुमी चोरलं?"

आता त्यानं मान वर केली. "बावीस वर्सं झाली. त्या घरचं पान बी उचललं नाई."

"मंग कोनं देलं?"

त्यानं आतल्या दाराकडं पाहिलं. त्याची बायको लिलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, तिनं तोंडाला पदर लावला.

"मले बोलता येत नाई ताई," धनराज म्हणाला. "शब्द देला हाय. मालक चोर म्हनून राह्यले तरी बी नाई बोलत. म्हनू द्या."

त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर एव्हाना नाव सांगून मोकळा झाला असता. रत्नमालाला त्या माणसाचा फार आदर वाटला, आणि थोडा रागही आला, कारण घड्याळात दीड वाजला होता. तिनं वेगळ्या वाटेनं जायचं ठरवलं.

"बरं, नाव नका सांगू. पोत्यात अजून काय होतं तेवढं सांगा. ते सांगाले तं मनाई नाई ना?"

धनराजनं बायकोकडं पाहिलं. लिलाबाईच पुढं आल्या. "इस्त्री होती. कुकर होता. एक छत्री, दोन शाली. आमच्या पोरीचं लगन हाय ना दिवाळीनंतर."

इस्त्री. पण इस्त्री तर तिनं तासाभरापूर्वी शेठजींच्या खिडकीत गरम असलेली पाहिली होती. कुकरची शिट्टी ऐकली होती. टेपरेकॉर्डर म्हणावा तर मोठा दुकानात होता. घड्याळ म्हणावं तर आत स्वयंपाकघरात अजून एक होतं. चोर असा कधी असतो का, की जो प्रत्येक जिन्नस घरमालकासाठी एकेक मागं ठेवून जातो?

"जोडीतलं एक हितं आलं," ती सावकाश म्हणाली. "एक तिथं राह्यलं."

धनराजनं डोळे मिटून घेतले. ते तिला पुरेसं होतं. देणाऱ्यानं नाव घेऊ नको म्हणून बजावलेलं, कुठं बोलायचं नाही, आभार मानायचे नाहीत. असलं गुप्तदान त्या घरात एकच माणूस करायचं. आणि त्या माणसानं या चातुर्मासात महाराजांपुढं काहीतरी नियम घेतल्याचं जिनलनं मागं सहज सांगितलं होतं. संग्रह आवरायचा. जे लागतं ते एकच ठेवायचं, दुसरं असलं की देऊन टाकायचं.

एक ठेवायचं, दुसरं काढायचं.

रत्नमाला ओसरीवर उभी होती ती खालीच बसली. भरलेली कचरापेटी तिच्या डोळ्यांपुढं आली. दुकानातल्या कंप्युटरवर बसून कुणी फोल्डर पुसलं असतं तर ते त्या ढिगावर दिसलं असतं. पेटी कुणी रिकामी केली नव्हती आणि फोल्डर तिच्यात आलं नव्हतं. दुसऱ्या यंत्रावरून पुसलं तरच असं होतं. मग ते कुठल्याच पेटीत जात नाही. ही गोष्ट ती दर वर्षी वर्गात शिकवायची, आणि सकाळपासून मात्र प्रत्येकाला दुकानातल्याच कंप्युटरबद्दल विचारत फिरली होती. सगळ्यांनी खरंच सांगितलं होतं. तिचा प्रश्नच चुकला होता.

"भाऊ, चला माह्यासंगं," ती म्हणाली. "तुमी काई बोलू नका. नुसतं उभं राहा."

४

बैठकीत सगळे जमले. धनराज दाराशीच थांबला. श्रेयांसनं त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"काकू," रत्नमालानं विचारलं, "काल दुपारी वहिनींच्या लॅपटॉपवर प्रवचन लावलं होतं?"

"लावलं ना. रोजच लावतो."

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर साफसफाई केली थोडी," कंचनबाई म्हणाल्या, अगदी मोकळेपणानं, थोड्या अभिमानानंसुद्धा. "ही बिचारी रोज म्हनते जागा नाई, जागा नाई. म्या पाह्यलं तं ह्यांचा आवाज तिच्यात बी, श्रेयांसच्यात बी, दुकानात बी. तीन-तीन कायले लागतात? दुकानातला ठेवला आन हिच्यातला काढला. तू शिकवलं तसाच. मधात इंग्रजीत काई विचारलं त्यानं, म्या हो म्हनलं. मंग श्रेयांसच्यातला काढाले गेली तं तिथं आधीच नव्हता. म्हनलं, पोरानं सोताच काढला असंल. शहाना हाय."

श्रेयांस खुर्चीच्या हातावर बसला. धनराज दाराशी तसाच जमिनीकडं बघत उभा.

कंचनबाईंनी सगळ्यांची तोंडं पाहिली. "काहून? काय झालं?"

रत्नमाला त्यांच्याजवळ जाऊन बसली. "काकू, खोली एकच होती. दुकानात. वरचे दोन कंप्युटर म्हंजे त्या खोलीच्या खिडक्या. तुमाले वाटलं तीन खोल्यांत तीन पेट्या हायत. तुमी एका खिडकीतून हात घालून पेटी काढली. मंग दुसऱ्या खिडकीतून कशी दिसंल?"

समजायला त्यांना थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि नवऱ्याकडं पाहिलं. "म्या तुमचा आवाज पुसला," त्या म्हणाल्या. रडणं नंतर आलं.

"तुमी नाई," रत्नमाला म्हणाली. "चूक माही हाय. पाहाची मुभा साऱ्यांले द्याची असते, पुसाची एकाले. एवढं मले येते. पन घरात कोन परकं हाय म्हनले, आन म्या बी घाई केली. कुलूप लावाचं काम माहं होतं."

अमृतलालांचे खांदे हलत होते. रत्नमाला घाबरून उठली. पण ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांनी पाटी ओढली. 'पन्नास वर्षं म्हणत होती, फार बोलता.' पाटी सगळ्यांना दाखवून झाल्यावर त्यांनी ती पुसली, कंचनबाईंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

पोत्यातले जिन्नस म्हणजेही काकूंनी नियमापायी केलेलं दानच, हे रत्नमालानं सांगताच श्रेयांस उठून धनराजपाशी गेला. दोन्ही हात जोडले. "भाऊ, माफी देजा. म्या विचारलं बी नाई नीट, सरळ चोर म्हनलं." धनराजनं त्याचे जोडलेले हात घाईघाईनं खाली केले. कंचनबाईंना आता उलगडलं की त्यांच्या दानापायी हा माणूस सकाळपासून चोर ठरला होता. त्या त्याच्यापुढं वाकायला लागल्या तेव्हा तो मागं सरकत थेट जिन्यापर्यंत गेला.

"पाच वाजाले हायत अजून," जिनल म्हणाली. "ताई, आता?"

"आता चांगली गोष्ट," रत्नमाला म्हणाली. "कोनी नेलं नाई. कोनी जानूनबुजून मिटवलं नाई. म्हंजे घर अजून उभं असाले पायजे. भाऊ, कंप्युटरची डिस्क काढून नेतो मी. तुमचे पेपर माह्या वर्गात छापून घ्या, माह्याकडून."

श्रेयांसनं स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.

५

डिस्क वर्गातल्या दुसऱ्या यंत्राला जोडून तिनं शोधणारा प्रोग्राम लावला. एका बाजूला शाळेचे पेपर छापून निघत होते, धनराज ते मोजून गठ्ठे बांधत होता, आणि दुसऱ्या बाजूला पडद्यावर एकेक फाइल वर येत होती. नावं गेली होती, नुसते आकडे. बाबांचा फोन आला तेव्हा तिनं आजऐवजी उद्या येते एवढंच सांगितलं. साडेसातपर्यंत चौसष्टच्या चौसष्ट फायली मिळाल्या. तिनं एकेक उघडून ऐकली. एकसष्ट चालल्या. तीन फायलींमध्ये नुसती खरखर होती; बाकीच्यांचा क्रम ऐकून लावला तेव्हा कोणत्या तीन गेल्या ते तिला कळलं. रविवारी दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत कंप्युटर चालूच होता आणि त्यानं आपलं आपण काहीबाही उतरवून त्या तीन जागा व्यापून टाकल्या होत्या. चालू ठेवा असं सांगणारीही तीच होती.

एकसष्ट म्हणजे थोडं नव्हतं. पहिली फाइल लागली आणि अमृतलालांचा जुना भरदार आवाज वर्गात घुमला तेव्हा धनराजनं गठ्ठा खाली ठेवला आणि तो बनियनवरच उभा राहून ऐकत राहिला. रत्नमालानं हात जोडले. कुणाला जोडले ते तिला सांगता आलं नसतं. त्या डिस्कला असतील, धनराजला असतील, घशाच्या डॉक्टरांना असतील, किंवा ज्या कुणी टेपरेकॉर्डर शोधून काढला त्याला.

मंगळवारी सकाळी तिनं आधी शेठजींकडची मुभा नीट लावली. ऐकायचं सगळ्यांनी, बदल करायचा तो जिनलनं. कंचनबाई शेजारी बसून लक्ष देऊन बघत होत्या. "मले पुसाचा हक्क कुठंच ठेवू नको," त्या म्हणाल्या. "माह्या नियमात हे बी लिहून घेतो आता. पन प्रती मात्र तीन कर. खऱ्या तीन, अलग अलग." मग जरा थांबून, "महाराजांले मी समजावतो."

दुपारी श्रेयांसनं गाडी काढली. अमृतलाल नको नको करत होते. पण कंचनबाईंनी त्यांची टोपी हातात दिली आणि स्वतः आधी जाऊन गाडीत बसल्या, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. इंझोरीच्या वाटेला दोन्हीकडं सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. अमृतलाल खिडकीतून बाहेर बघत राहिले.

पुंजाजी अंगणात बाजेवर बसले होते. गाडी थांबल्याचं ऐकून उभे राहिले. "कोन कोन हाय?"

"मी हाय बाबा. काकू हायत. आन काकाजी."

पुंजाजींनी हात पुढं केला. तो हवेत तसाच थांबला, मग अमृतलालांनी पुढं होऊन तो धरला. दोघं बाजेवर शेजारी बसले. बसले खरे, पण पुढं काय करावं ते दोघांनाही कळेना. रत्नमालानं चटकन पेनड्राइव्ह लावला. "आज वही पहिली," असं म्हणून दोन वर्षांपासून मुका झालेला माणूस अंगणात बोलायला लागला. पुंजाजींनी डोकं मागं टेकलं. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही. शेजारी अमृतलाल आपलाच आवाज असा ऐकत होते, जसा परगावी गेलेल्या भावाचा निरोप ऐकावा.

फाइल संपल्यावर रत्नमालानं खरं ते सगळं सांगितलं. कंचनबाईंनी स्वतः जवळ येऊन माफी मागितली.

"वयनी, एकसष्ट हायत ना," पुंजाजी म्हणाले. "साऱ्या गेल्या असत्या तं म्या काय केलं असतं? रत्ना, कोनत्या तीन गेल्या?"

"चौदा, पंधरा आन एकोनचाळीस."

पुंजाजी मनाशी हिशोब करायला लागले. त्यांची बोटं मांडीवर काहीतरी मोजत होती. "चौदात विहीर हाय," ते म्हणाले. "पंधरात माह्या मायची गानी. एकोनचाळीस म्हंजे ज्या साली नदीले पूर आला आन टपालाची पिशवी म्या डोक्यावर धरून आनली. अठरा वर्सं ऐकून राह्यलो मी. कॅसेट पुसली तं काय, मी पुसलो काय?" त्यांनी अंदाजानं मान वळवली. "अमृतलालजी, तुमचा टेप आना इकडं. आता तुमी बटन दाबा. मी बोलतो."

धनराजनं तो लहान टेपरेकॉर्डर गाडीत ठेवून दिला होता, लग्नाचा जिन्नस लग्नापर्यंत कामाला येऊ द्या म्हणून. पण श्रेयांसनं फोनच पुढं केला. अमृतलालांनी चष्मा लावला, लाल गोल नीट पाहिला आणि बोट ठेवलं. पुंजाजींनी घसा साफ केला.

"वही सातवी," ते म्हणाले. "आमच्या वस्तीतली विहीर खनाले एकवीस जन होते. पयले उतरले कस्तुराबाईचे मालक..."

कंचनबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या. नाव आलं की पुंजाजी थांबायचे, आठवायचे, पुढं जायचे. ज्या शब्दांना अमृतलालांनी दीड वर्ष आपला आवाज दिला होता, ते शब्द त्यांनी ज्याचे होते त्याच्या तोंडून कधी ऐकलेच नव्हते. एका जागी ते हसले, दुसऱ्या जागी त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. यातलं काहीच पुंजाजींना दिसत नव्हतं.

विहिरीला पाणी लागलं तिथं पुंजाजी अडखळले. "अमृतलालजी," त्यांनी विचारलं, "ऐकून राह्यले ना? का नुसता मीच बडबडून राह्यलो?"

कुणीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कंचनबाईंनी हातानं थांबवलं.

अमृतलालांनी मित्राचा हात आपल्या मांडीवर घेतला, मूठ सोडवून तळवा उघडा केला आणि त्यावर तर्जनीनं सावकाश एक अक्षर काढलं. मग दुसरं. पुंजाजींनी तीस वर्षं कसल्या कसल्या हस्ताक्षरांतले पत्ते वाचले होते. त्यांचे ओठ हलले.

"पु... ढं," ते म्हणाले. "पुढं सांग म्हनते."

आणि हात तसाच अमृतलालांच्या हातात ठेवून ते पुढं सांगायला लागले.